रायफल का अडते? काडतुसांविषयीचे काही पक्के गैरसमज

अमेरिकेत सेमी-ऑटोमॅटिक रायफलीसाठी काडतुसे घ्यायला गेलेल्या नवख्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: नावाजलेल्या कंपनीची, महागातली घ्या, रायफल अडणार नाही. या सल्ल्यामागे असा समज आहे की भरवसा हा काडतुसाच्या अंगचाच गुण आहे. तो तसा नाही. बोल्ट-ॲक्शन रायफलीत रिकामी पुंगळी बाहेर काढण्याचे आणि नवे काडतूस आत ढकलण्याचे काम हात करतो. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तेच काम काडतुसाच्या दारूतून निघालेला वायू करतो. नळीला पाडलेल्या बारीक छिद्रातून तो बाहेर वळतो, बोल्ट उघडतो, आणि पुढचे सगळे त्या एका ढकलीवर चालते. वायूचा जोर कमी पडला तर बोल्ट अर्ध्यावरूनच परत फिरतो. जोर जास्त झाला तर पुंगळी चेंबरच्या भिंतींना अजून घट्ट धरून असतानाच ओढली जाते, आणि कधी तिची कडच फाटते. म्हणून एकट्या काडतुसाला प्रशस्तिपत्र देण्यात अर्थ नाही. रायफल आणि काडतूस यांची जोडीच तपासावी लागते.

याचा सर्वांत महागात पडलेला पुरावा व्हिएतनाम युद्धातला आहे. एम-१६ रायफल ज्या दारूवर बेतली आणि तपासली गेली होती ती आयएमआर जातीची, बारीक नळकांड्यांच्या आकाराची होती. ठरलेल्या दाबाच्या मर्यादेत ठरलेला वेग सातत्याने मिळवणे तिला जड जाऊ लागले, तेव्हा १९६४मध्ये गोल दाण्यांच्या डब्ल्यूसी ८४६ या दारूला मंजुरी मिळाली. कागदावर वेग बसला, दाब बसला. पण छिद्राशी पोचणाऱ्या वायूचा जोर बदलला, रायफलीची गती वाढली, आणि दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूच्या मार्गात साचू लागला. पुंगळ्या चेंबरमध्ये अडकून सैनिक ऐन चकमकीत निःशस्त्र झाले. १९६७मध्ये रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी संसदीय उपसमितीने या दारूबदलावर कडक ठपका ठेवला. यावर आक्षेप असा येतो की दोष रायफलीचाच होता: चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईचे साहित्यही पुरेसे पोचले नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि नंतर चेंबरला क्रोम आले, बोल्टची गती आवरणारा जड बफर आला. पण या उत्तराने मूळ मुद्दा पक्काच होतो. दोष एकट्या कोणाचा नव्हता. कारखान्याच्या सगळ्या कसोट्यांना उतरलेले काडतूस त्या अवस्थेतल्या त्या रायफलीला जुळत नव्हते.

महाग म्हणजे भरवशाचे, हा समज एम-१ गॅरंड या जुन्या रायफलीपाशी सरळ कोसळतो. १९३६मध्ये स्वीकारलेली ही रायफल आजही अमेरिकेत हौसेने वापरली जाते. तिचे वायूचे छिद्र नळीच्या तोंडाजवळ आहे आणि तिथून मागे येणारा लांब ऑपरेटिंग रॉड बोल्ट हलवतो. तिचे .३०-०६ मापाचे लष्करी काडतूस सुमारे १५० ग्रेन वजनाच्या गोळीचे आणि मध्यम वेगाने जळणाऱ्या दारूचे होते. आजची शिकारीची .३०-०६ काडतुसे पुष्कळदा १८० ग्रेन किंवा अधिक वजनाच्या गोळीची आणि संथ जळणाऱ्या दारूची असतात. संथ दारू नळीच्या टोकापर्यंत जोर टिकवून ठेवते, आणि तो नको तिथे पोचलेला जोर रॉड वाकवू शकतो. फेडरल आणि हॉर्नाडी यांनी खास गॅरंडसाठीची काडतुसे वेगळी विकायला ठेवली आहेत ती याच कारणाने. याच रायफलीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. नेमबाजीच्या मैदानावर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, एक काडतूस बोल्टने आत घेऊन न झाडता बाहेर काढले, तर त्याच्या प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीवर, फायरिंग पिनेचा बारीकसा ठिपका उमटलेला दिसतो. पिनेला मागे धरणारी स्प्रिंग नाही. बोल्ट मिटताना ती पुढे जाऊन टेकते. एआर-१५मध्येही असेच घडते. म्हणून लष्करी प्रायमर मुद्दाम कमी संवेदनशील ठेवतात. अतिसंवेदनशील प्रायमर असेल तर घोडा न दाबताच बार उडण्याचा धोका असतो.

स्टीलच्या पुंगळीबद्दलचा राग निम्मा चुकीच्या जागी आहे. स्टील पितळेइतके लवचिक नाही, चेंबरला तितके घट्ट बसत नाही, त्यामुळे मागे काजळी जास्त येते. एआर-१५च्या जवळजवळ सरळ पुंगळीत त्याचा त्रास होऊ शकतो. एके रायफलीची ७.६२ x ३९ पुंगळी मात्र चांगलीच निमुळती आहे, थोडी सरकली की सुटते, आणि तिथे स्टील दशके सुखाने चालले आहे. नळीची झीज वाढवतो तो मुख्यतः गोळीचा पत्रा: वर तांब्याचा पातळ थर, आत स्टील. गोळीला लोहचुंबक चिकटले की ते कळते, मग पुंगळी पितळी का असेना. वाचलेल्या पैशांत नवी नळी येते, असे काटकसर करणारे म्हणतात. भरपूर सराव करणाऱ्यांच्या बाबतीत हिशेब त्यांच्या बाजूने लागूही शकतो; त्याचा अडण्याशी संबंध नाही.

.२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही एकच काडतुसे, हा समज जास्त धोक्याचा. बाहेरून ती सारखीच दिसतात. .२२३च्या दाबाची मर्यादा ५५,००० पीएसआय आणि ५.५६ची सुमारे ६२,००० अशी तुलना करतात, पण दोन्ही मोजमापे वेगळ्या ठिकाणी दाब मोजून केलेली असल्याने ते आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. खरा फरक चेंबरच्या पुढच्या भागात आहे: ५.५६मध्ये गोळीला नळीच्या आट्यांपर्यंत मोकळी जागा जास्त मिळते. .२२३चे काडतूस ५.५६च्या चेंबरमध्ये चालते. उलटे करू नये. नळीवरची खूण वाचा, पेटीवरची नंतर.

लष्करी जुना साठा स्वस्तात मिळाला तर त्याचा प्रायमर आधी विचारावा. पोटॅशियम क्लोरेटच्या जुन्या प्रायमरमधून क्षार मागे राहतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळी गंजते. हा क्षार नुसत्या तेलाने निघत नाही, पाण्याने धुवावा लागतो.

मग निवड करायची कशी? लष्करासाठीचे काडतूस लॉटनुसार तपासले जाते, भारतीय लष्कराच्या इन्सास रायफलीची ५.५६ मिमी काडतुसे बनवणाऱ्या भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यासाठीही लॉट हेच तपासणीचे एकक. खाजगी रायफलधारकाने तेच करावे. एका पेटीतली २० काडतुसे न अडता सुटली, यावरून फारसे कळत नाही: गणिताने पाहिले तर अडण्याचे प्रमाण तरीही १०० फैरींत १३-१४पर्यंत असू शकते. ३०० फैरी विनातक्रार झाल्या तर ते १००त १च्या आत असल्याचे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. बहुतेक खोळंबे मॅगझिनचे असतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मॅगझिनांवर क्रमांक घाला आणि कोणते अडले ते टिपून ठेवा. लॉट बदलला की थोडी चाचणी पुन्हा घ्या. आणि एखादी फैर फुसकी वाजली, धक्का कमी जाणवला, तर पुढची झाडू नका. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा आणि नळीत गोळी अडकलेली नाही ना, ते आधी पाहा.