पहिली चूक कोणाच्या डोळ्यात?

पनवेलच्या उंबरठ्यावर नवी मुंबईचे नवे विमानतळ उभे राहिले, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. तिथे उतरणाऱ्या प्रवासी विमानांच्या वैमानिकांना दर सहा महिन्यांनी परीक्षा द्यावी लागते. इंजिन बंद पडले, धावपट्टीवर आडवा वारा सुटला, केबिनमध्ये धूर झाला, असे सगळे प्रसंग त्यांच्यासमोर जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये उभे केले जातात. त्यात नापास झालेल्या माणसाच्या हाती प्रवाशांनी भरलेले विमान कोणी देत नाही.

याच पनवेलमध्ये डॉ. सुहास हळदीपूरकर यांनी उभारलेली लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे. नवीन पनवेलमध्ये गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला यांच्या मदतीने उभे राहिलेले शंकरा नेत्र रुग्णालय आहे. रायगडातल्या गावांतून आणि पाड्यांवरून मोतीबिंदूचे रुग्ण उपचारांसाठी पनवेलला येतात. आपल्याकडे पन्नाशीनंतर येणाऱ्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदूच आहे. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हे प्रमाण ६६.२ टक्के निघाले. म्हणजे मोतीबिंदू काढणारे हात आपल्याला भरपूर हवेत आणि ते चांगले तयार झालेले हवेत.

पण प्रत्येक सर्जनची एक पहिली केस असते. ती कोणाची? जगभरातल्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत पिढ्यान्‌पिढ्या या प्रश्नाचे उत्तर एकच राहिले आहे. जो पैसे भरतो तो ‘मोठ्या डॉक्टरांनीच करावे’ असा आग्रह धरू शकतो, आणि शिकाऊ हाताखाली येतो तो फुकट उपचार घेणारा. वरिष्ठ शेजारी उभे असतात, हाताला हात लावून शिकवतात, बहुतेक वेळा सारे नीट पार पडते. तरीही शिकण्याची किंमत कोणी मोजायची, हे रुग्णाच्या खिशावरून ठरावे ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही. आणि आता तर तसे करण्याची गरजही उरलेली नाही.

डोळ्याचे नैसर्गिक भिंग एका पारदर्शक पिशवीत असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पिशवीची पुढची बाजू गोलाकार उघडून आतले गढूळ भिंग काढायचे, पिशवी जागच्या जागी ठेवायची आणि तिच्यात कृत्रिम भिंग बसवायचे. या पिशवीची मागची भिंत मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन जाडीची असते. रक्तातली तांबडी पेशी साधारण ७ मायक्रॉनची, म्हणजे भिंत तिच्याहूनही पातळ. ती फाटली, डॉक्टरांच्या भाषेत ‘पीसी रेंट’ झाला, तर मागचा व्हिट्रिअस, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ, पुढे येतो. मग सूज, संसर्ग, पडदा सुटणे असे धोके वाढतात. अनुभवी सर्जनच्या हातूनही हे क्वचित होते. नवशिक्याच्या हातून कितीतरी अधिक वेळा होते.

वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा धडा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत आणणाऱ्यांत वैमानिकांना शिकवण्यात हयात घालवलेला एक माणूसही होता. अमेरिकेतले अल्बर्ट युल्ची यांनी १९५१ मध्ये ‘फ्लाइटसेफ्टी इंटरनॅशनल’ ही सिम्युलेटर प्रशिक्षणाची कंपनी काढली आणि पुढे ती या क्षेत्रातल्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली. नव्वदी ओलांडल्यावर, २०१० मध्ये, मुलगा जिम याच्यासोबत त्यांनी ‘हेल्पमीसी’ ही संस्था सुरू केली. भिंग अल्ट्रासाउंडने फोडून काढणाऱ्या महागड्या फेको यंत्राशिवाय, छोट्या छेदातून, टाके न घालता होणारी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकवायची आणि तीही सिम्युलेटरवर, हा तिचा मुख्य कार्यक्रम. याच शस्त्रक्रियेला आपल्याकडे ‘एसआयसीएस’ म्हणतात आणि शिबिरांतल्या रुग्णांवर बऱ्याचदा हीच केली जाते. मुंबई, हैदराबाद आणि मदुराई इथे या प्रशिक्षणाची केंद्रे झाली.

आभासी वास्तव म्हटले की डोळ्यांवर चढवलेला चष्मा आठवतो. हे यंत्र तसे नाही. शिकाऊ डॉक्टर खुर्चीत बसतो, समोरच्या दोन नळ्यांतून पाहतो आणि त्याला ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपखाली दिसतो तसा डोळा दिसतो. दोन्ही हातांत अवजारांच्या मुठी असतात आणि त्या यांत्रिक बाहूंना जोडलेल्या असतात. चित्रातले पाते चित्रातल्या उतीला टेकले की बाहू हाताला खऱ्या उतीइतकाच विरोध करतो. इथेच खरे अवघड शास्त्र आहे. दृष्टीला फसवायला सेकंदाला साठएक चित्रे पुरतात. बोटांना फसवणे मात्र फार कठीण: स्पर्श खरा वाटायचा तर संगणकाला सेकंदाला सुमारे १००० वेळा बलाचा हिशेब करून तो हातापर्यंत पोचवावा लागतो. त्यात थोडा जरी विलंब झाला तरी उती रबरासारखी नाहीतर थरथरती लागते.

या शस्त्रक्रियेतली सर्वांत नाजूक पायरी म्हणजे बोगदा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साधारण सहा-सात मिलिमीटरची खाच घ्यायची, मग क्रेसेंट ब्लेड नावाचे अर्धचंद्राकृती पाते आडवे धरून त्या पांढऱ्या भागाच्या जाडीच्या मध्यातून पुढे कॉर्नियापर्यंत सरकवायचे. घडीच्या पोळीचे दोन पदर न फाडता सोडवावेत, तसे हे काम असते. पाते फार वर राहिले तर छताला भोक पडते, त्याला ‘बटनहोल’ म्हणतात. फार खोल गेले तर वेळेआधीच डोळ्याच्या आत शिरते आणि बुबुळ बाहेर डोकावते. बोगदा नीट झाला तर डोळ्याच्या आतल्या दाबानेच तो मिटतो, टाका लागत नाही. बिघडला तर पुढची प्रत्येक पायरी बिघडते. सिम्युलेटरवर एक बोगदा बिघडला की बटण दाबायचे, लगेच नवा डोळा हजर. पात्याचा कोन किती, खोली किती, कुठल्या क्षणी हात उचलला गेला, सगळे आकड्यांत समोर येते.

याचा खऱ्या रुग्णाला उपयोग होतो का? मुंबईचे डॉ. अक्षय नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या शिकाऊ डॉक्टरांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये आला. खऱ्या रुग्णांवरच्या पहिल्या २० बोगद्यांत किती चुका झाल्या, हे त्यांनी मोजले. सिम्युलेटरवर शिकून आलेल्यांच्या सरासरी १८च्या आसपास, नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांच्या ३५च्या आसपास. सहभागी मोजकेच होते, त्यामुळे हा शेवटचा शब्द मानता येणार नाही. पण ब्रिटनमधला आकडा मोठा आहे. तिथे फेको शस्त्रक्रियेचे सिम्युलेटर प्रशिक्षणात रुळले, त्या २००९ ते २०१५ या काळातल्या सुमारे १८ हजार शस्त्रक्रियांची नोंद तपासली गेली. पहिल्या दोन वर्षांतल्या शिकाऊ डॉक्टरांकडून मागची भिंत फाटण्याचे प्रमाण ४.२ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आले.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत हीच गोष्ट अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने २००२ मध्येच दाखवली होती. त्या अभ्यासातला एक बारकावा आपल्याकडे हमखास सुटतो. तिथे ‘इतके तास सराव’ असा नियम नव्हता. आधी निष्णात सर्जनना यंत्रावर बसवले, त्यांची पातळी ठरवली आणि शिकाऊ डॉक्टर त्या पातळीला पोचेपर्यंत त्याला सोडले नाही. कोणाचा हात लवकर बसतो, कोणाचा उशिरा. तासांची वही भरून हात बसत नाही. आपल्या महाविद्यालयांत आता स्किल लॅब दिसू लागल्या आहेत. तिथे हजेरी मोजली जाते की हात मोजला जातो, हे पाहायला हवे.

आता थिएटरमधल्या बाकीच्यांकडे वळू, कारण सर्जन एकटा शस्त्रक्रिया करत नाही. समजा, मागची भिंत फाटली. घाबरून अवजार झटकन बाहेर काढले की डोळ्याचा पुढचा कप्पा कोसळतो आणि व्हिट्रिअस पुढे धावतो. आधी जेल भरून कप्पा टिकवायचा, मग हळूच अवजार काढायचे. त्याच क्षणी सिस्टरांनी व्हिट्रेक्टॉमीचा, म्हणजे पुढे आलेला व्हिट्रिअस कापून काढण्याचा, सेट हातात द्यायला हवा, बाहेरच्या माणसाने त्या परिस्थितीत चालेल असे दुसरे भिंग आणायला हवे आणि टेबलावर जाग्याच असलेल्या आजींशी कोणीतरी बोलत राहायला हवे. या चारही गोष्टी एकाच मिनिटात व्हायच्या असतात. त्यांची तालीम किती ठिकाणी होते?

विमानसेवेने हा धडा फार महागात घेतला. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफे बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसे गेली. समोरची धावपट्टी मोकळी झाली का, अशी शंका एका विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. त्यानंतर कनिष्ठाने बोलावे कसे आणि वरिष्ठाने ऐकावे कसे, याचे शिक्षण वैमानिकांना मिळू लागले. स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते सिम्युलेटरच्या रूपाने ऑपरेशन थिएटरमध्ये आणले. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावाशी नाळ असलेले अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गवांदे यांनी याच विचारातून जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची तपासणी-यादी तयार करवून घेतली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

आपल्या थिएटरात ‘सर’, ‘सिस्टर’, ‘मामा’ आणि ‘मावशी’ असतात. भिंगाच्या डब्यावरचा नंबर आणि केसपेपरवरचा नंबर जुळत नाही, हे कधी मामांनाच आधी दिसते. सरांना थांबवायचे धाडस उपजत नसते, तालमीने येते. आता हेडसेट लावून वेगवेगळ्या गावांतले लोक एकाच आभासी थिएटरात उभे राहू शकतात. पण त्यासाठी थांबायचे कारण नाही. रिकाम्या टेबलाभोवती, शिबिराच्या आदल्या दिवशी, पंधरा मिनिटांत ही तालीम होते आणि तिला पैसे पडत नाहीत.

यंत्राला सगळे येते असे मी म्हणत नाही. शिकाऊ डॉक्टर वेट लॅबमध्ये बोकडाच्या डोळ्यांवर सराव करतात, तो सुटू नये, कारण खरी उती खरीच असते. आणि सिम्युलेटरमधला डोळा घाबरत नाही, खोकत नाही, ‘बाळा, झालं का?’ असे विचारत नाही. ते रुग्णाजवळच, वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकायचे. मात्र तिथे पोचताना हात तरी बसलेला असावा.

म्हणून नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे एक साधी मागणी आहे. नेत्रशल्यशास्त्राच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने ठरलेल्या पातळीपर्यंत सिम्युलेटरची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज रुग्णाच्या डोळ्याला पाते लावू नये, असा नियम करा. प्रत्येक महाविद्यालयाला यंत्र परवडणार नसेल तर विभागवार सामायिक केंद्रे काढा. आणि वाचकहो, घरातल्या कोणाला शिबिराला घेऊन जाल तेव्हा ऑपरेशन कोण करणार आणि त्यांनी सराव कुठे केला आहे, हे न लाजता विचारा. फुकटच्या उपचारातही तो तुमचा हक्क आहे.