ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधील प्रेशर सेन्सर : दोष कसा ओळखावा?

मोठ्या अश्वशक्तीच्या काही ट्रॅक्टरमध्ये आता पायाच्या क्लचऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे क्लच आले आहेत. स्टिअरिंगजवळची दांडी फिरवली की ट्रॅक्टर पुढे किंवा मागे जातो. या तेलाच्या दाबावर लक्ष ठेवण्यासाठी गिअरबॉक्सवर प्रेशर सेन्सर बसविलेला असतो. दाब कमी झाल्याची सूचना मिळाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि काही ट्रॅक्टर जागचे हलतही नाहीत.

पेरणीच्या दिवसांत वाफसा फार थोडे दिवस टिकतो. अशा वेळी हा दिवा लागला की काही शेतकरी तो खोटा समजून काम चालूच ठेवतात, तर काहीजण घाईने नवा सेन्सर आणून बसवितात. दाब खरोखरच कमी असेल तर पहिल्या प्रकारात क्लचच्या चकत्या घसरून जळतात व गिअरबॉक्स उघडण्याची पाळी येते. दुसऱ्या प्रकारात पैसे खर्च होऊनही दिवा तसाच राहतो. म्हणून एक नियम पाळावा : दाब मोजल्याशिवाय काम चालू ठेवू नये आणि दाब मोजल्याशिवाय सेन्सरही बदलू नये.

सेन्सरचे काम

पंपाने ढकललेले तेल फिल्टरमधून व झडपांमधून क्लचपर्यंत जाते आणि त्याच्या दाबाने चकत्या एकमेकींना घट्ट धरतात. हा दाब कळविणारी साधने दोन प्रकारची असतात. एक किंवा दोन वायरींचा प्रेशर स्विच दाब ठरावीक मर्यादेच्या वर आहे की खाली, एवढेच सांगतो. तीन वायरींचा सेन्सर दाब किती आहे ते सांगतो. त्याच्या एका वायरमध्ये बहुधा ५ व्होल्टचा पुरवठा, दुसरीत अर्थ आणि तिसरीत संदेश असतो. अशा अनेक सेन्सरमध्ये दाब शून्य असताना संदेश ०.५ व्होल्ट आणि पूर्ण क्षमतेच्या दाबास ४.५ व्होल्ट मिळतो. संदेश ० किंवा ५ व्होल्टवर अडकला असेल तर वायर तुटल्याची किंवा चिकटल्याची शक्यता अधिक असते.

प्राथमिक तपासणी

१) माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तेलाची पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी किंवा हवा मिसळली आहे असे समजावे. तेल काळे पडून जळका वास येत असल्यास चकत्या घसरत आहेत. मग दिवा खरे सांगत आहे.

२) दिवा केव्हा लागला ते चालकास विचारावे. इंजिनचे फेरे वाढूनही ओढ मिळत नव्हती किंवा दांडी टाकल्यावर ट्रॅक्टर उशिरा हलत होता, तर दाब खरोखर कमी असावा. तेल तापल्यावरच दिवा लागत असेल तरीही संशय दाबावरच घ्यावा. फक्त खड्ड्यात आदळल्यावर दिवा लुकलुकत असेल तर वायर किंवा कनेक्टर सैल असावा.

३) सेन्सरपासून निघालेली वायर हाताने पाहत जावे. शेडमध्ये उंदरांनी कुरतडलेली व पत्र्यावर घासलेली वायर, तसेच ट्रॅक्टर धुतल्यावर कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी व हिरवा गंज ही नेहमीची कारणे आहेत. बॅटरीचे टर्मिनल व चॅसीची अर्थ पट्टी घट्ट करावी.

प्रत्यक्ष दाब मोजणे

निदानातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. गिअरबॉक्सवरील तपासणीच्या तोंडाला काट्याचा प्रेशर गेज जोडावा. गेजची क्षमता अपेक्षित दाबाच्या साधारण दुप्पट असावी. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून, तेल कामाच्या तापमानाला आल्यावर, पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांवर दाब नोंदवावा.

दाब पुस्तिकेप्रमाणे असेल तर दोष सेन्सरमध्ये, वायरमध्ये किंवा नियंत्रकात आहे. दाब कमी असेल तर सेन्सर आपले काम चोख करीत आहे. मग तुंबलेली जाळी, फिल्टर, झिजलेला पंप किंवा अडकलेली दाबनियंत्रक झडप यांकडे वळावे. एकाच क्लचचा दाब कमी भरत असल्यास त्या क्लचचे सील किंवा झडप तपासून घ्यावी.

सेन्सरची विद्युत तपासणी

कनेक्टर काढून चावी चालू करावी व मल्टिमीटरने पुरवठ्याच्या वायरमध्ये ५ व्होल्ट येतात का ते पाहावे. येत नसल्यास सेन्सरला दोष देऊ नये. त्याच पुरवठ्यावरील दुसरा एखादा सेन्सर बिघडला तरी पुरवठा खाली बसतो. पुरवठा व अर्थ ठीक असल्यास कनेक्टर पुन्हा जोडून संदेशाच्या वायरवर मोजणी करावी. उदाहरणार्थ, ० ते ३० बार क्षमतेच्या सेन्सरने १५ बार दाबास सुमारे २.५ व्होल्ट दाखवावेत. गेज १५ बार दाखवीत असताना संदेश १ व्होल्टच मिळत असेल, तर सेन्सर बदलावा. इंजिन बंद करून दाब उतरल्यावरही सेन्सर दाब दाखवीत असेल, तरी तो सदोष समजावा. यंत्रावर त्याच क्रमांकाचा दुसरा सेन्सर असल्यास अदलाबदल करून पाहावी. दोष सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर खराब, जागेवरच राहिला तर वायर खराब.

घ्यावयाची दक्षता

- सेन्सर किंवा गेज काढण्यापूर्वी इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावावा, दाब उतरू द्यावा व तेल निवू द्यावे. गळती कधीही बोटाने शोधू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत शिरते. तशी इजा झाल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे.
- नियंत्रकाच्या वायरींवर बल्ब लावून तपासू नये.
- सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. टेपचे तुकडे झडपेत अडकतात आणि बॉडीतून अर्थ घेणाऱ्या स्विचचा अर्थही तुटू शकतो.
- ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडावी.
- वायर परस्पर जोडून दिवा विझवू नये. दिवा विझला तरी चकत्या घसरतच राहतात.

गेज व मल्टिमीटर ही दोन साधने गावातील दोन-तीन ट्रॅक्टरमालकांनी मिळून घेतली तरी चालतात. पेरणीपूर्वी, ट्रॅक्टर सुस्थितीत असतानाच, एकदा दाब मोजून वहीत लिहून ठेवावा. ऐन हंगामात दिवा लागला म्हणजे तुलनेसाठी तो आकडा हाताशी राहतो आणि सेन्सर बदलावयाचा की फिल्टर, याचा निर्णय जागेवरच घेता येतो.