शेतातील वळण आणि ट्रॅक्टरचे स्वतंत्र ब्रेक

वाराणसी परिसरात भाताच्या कापणीनंतर गव्हाच्या पेरणीसाठी थोडेच दिवस हाती असतात. शेते बहुधा लहान असल्याने प्रत्येक तासाच्या शेवटी ट्रॅक्टर वळवण्यात वेळ व डिझेल खर्च होते. मागील अवजाराच्या भाराने पुढील चाके हलकी होतात व ओलसर जमिनीत घसरतात. अशा वेळी केवळ स्टिअरिंगने वळण आखूड होत नाही. यासाठीच ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या मागील चाकांना स्वतंत्र ब्रेक दिलेले असतात.

आतील चाकाला ब्रेक लावल्यास डिफरन्शियलमुळे त्याची गती बाहेरील चाकाकडे जाते. आतील चाक पूर्ण थांबल्यास बाहेरील चाक दुप्पट गतीने फिरते. त्यामुळे वेगात असे वळण घेतल्यास ट्रॅक्टर उलटू शकतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय चाचणी संस्थेच्या अहवालांत ब्रेकसह व ब्रेकशिवाय अशी वळणाची दोन्ही मापे दिलेली असतात.

वापरताना घ्यावयाची काळजी :

१. वेग कमी करून अवजार उचलावे. डिफरन्शियल लॉक सुटल्याची खात्री करावी.

२. आधी स्टिअरिंग वळवावे, मग आतील पेडल हळुवार दाबावे. चाक पूर्ण रोखल्यास मऊ जमिनीत खड्डा पडतो.

३. वळण पूर्ण होताच पेडलवरून पाय काढावा.

४. सतत एकाच बाजूला वळल्यास त्या बाजूचा ब्रेक लवकर झिजतो. दोन्ही पेडलची मोकळी चाल समान ठेवावी.

५. शेताबाहेर पडण्यापूर्वी दोन्ही पेडल खटक्याने जोडावीत. रस्त्यावर, विशेषतः भरलेल्या ट्रॉलीसह, एकच ब्रेक लागणे जीवघेणे ठरते.