शेराची वई

गेल्या वैशाखात, रस्ता रुंद करण्याच्या निमित्ताने, आमच्या गावच्या पूर्वेकडील मळ्यांभोवतीच्या शेराच्या वया एका दुपारात यंत्राने उपटल्या गेल्या आणि त्यांच्या जागी सिमेंटचे खांब व काटेरी तार आली. पंचनाम्यात विहिरी आल्या, आंबे आले, पत्र्याच्या छपरांचीसुद्धा नोंद झाली. परंतु ज्या वनस्पतीने पिढ्यान्‌पिढ्या या शेतांची हद्द सांभाळली, तिच्या नावापुढे एक रुपयाही पडला नाही. त्याच सुमारास तालुक्याच्या रोपवाटिकेत तांबूस शेंड्यांचा शेर कुंडीत घालून शोभेकरिता विकावयास ठेवलेला दिसला, आणि जे मनाला लागले ते लिहून काढणे भाग पडले.

शेर मूळचा आफ्रिकेचा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात त्याचे वर्णन आहे, म्हणजे तोवर तो मलबारात चांगलाच रुळला होता; १७५३ साली लिनीअसने ‘युफोर्बिया तिरुकल्ली’ म्हणून त्याची शास्त्रात नोंद केली. पुढची दोनशे वर्षे तो बांधाबांधावर निमूटपणे वाढत राहिला, आणि त्या काळाविषयी लांबण लावण्यात मला स्वारस्य नाही. मला आठवते ते १९७२ च्या दुष्काळापासूनचे दशक.

त्या दुष्काळात विहिरींचे तळ उघडे पडले, बाभळींचा पालाही ओरबाडला गेला, फड्या निवडुंगाचे काटे जाळून लोकांनी तो गुरांपुढे टाकला. तरीही भुकेने व्याकूळ झालेल्या शेळ्या शेराला तोंड लावीत नसत, आणि सारे शिवार करपलेले असताना तेवढी एक हिरवी रेघ बांधावर टिकून होती. शेराची इवलीशी पाने लवकरच गळून जातात आणि अन्न तयार करण्याचे काम पेन्सिलीएवढ्या जाड हिरव्या कांड्या करतात. दिवसा रंध्रे मिटून घ्यावयाची आणि रात्रीच्या गारव्यात कर्बवायू साठवावयाचा, ही त्यांची रीत असल्यामुळे पाण्याचा अपव्यय होत नाही. खडी फोडण्याच्या कामावर जाणाऱ्या बाया त्याच वईच्या आडोशाला भाकरी सोडीत. तिच्यावर गुळवेल चढलेली असे, आत सरडे व मुंगसे नांदत, आणि सातभाईंचा कलकलाट संध्याकाळपर्यंत थांबत नसे.

१९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचे भाव भडकले, आणि प्रकाशसंश्लेषणातील कर्बाचा मार्ग उलगडून १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळविलेले मेल्विन कॅल्विन यांनी युफोर्बियाच्या चिकातून इंधन काढण्याची कल्पना पुढे मांडली; तिच्यात शेराचेही नाव होते. आमच्यासारख्या तरुणांना त्या वेळी वाटले की आपल्या बांधांचे भाग्य उघडले. परंतु त्याच वर्षांत एका विस्तार अधिकाऱ्याने चावडीवर सभा घेऊन शेर जमिनीचा कस खातो, तो काढून कर्जाऊ तार घ्यावी, असा उपदेश केला. पुरावा विचारणाऱ्या माझ्या वडिलांना त्याने ‘अडाणीपणा सोडा’ असे सर्वांसमक्ष सुनावले. तो अपमान मी विसरलेलो नाही. पुढे ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले, इंधनाची चर्चा विरली. तारेचे हप्ते मात्र पुष्कळांना दीर्घकाळ फेडावे लागले.

आता लावणीचेही सांगतो, कारण ती जाणणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. वळवाच्या सरींपूर्वी अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब फांदी कोयत्याने एका घावात तोडावी. कापावर दुधासारखा थेंब फुगतो, ओघळतो आणि थांबत नाही. म्हणून काप पाण्यात बुडवावा व फांदी आठवडाभर सावलीत ठेवावी. खपली धरली की मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत चार बोटे खोल, वीत-वीत अंतराने रोवावी. खत नको, आणि मुळे धरेपर्यंत पाणी अगदी बेताचे. कुंडीत लावावयाचा असल्यास निम्मी माती व निम्मी जाड वाळू घ्यावी, भरपूर ऊन द्यावे, माती पुरती सुकल्यावाचून पाणी घालू नये आणि पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्यावी, कारण शेर उन्हाने मरत नाही, साचलेल्या पाण्याने मुळापासून कुजतो. चीक डोळ्यांत गेल्यास भयंकर दाह होतो व दृष्टीलाही इजा पोहोचते. आमची आत्या फांद्या तोडताना आम्हां मुलांना वाऱ्याच्या उलट बाजूस उभे करी आणि म्हणे, “हात धुतल्याबिगर डोळ्याला लावलास तर याद राख, बाळा!” रोपवाटिकेतल्या त्या कुंडीवर किंमत लिहिली होती, ही ताकीद लिहिलेली नव्हती, आणि ती कुंडी लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर मांडलेली होती.

गायरानाच्या सीमेवर दक्षिणेकडचा एक तुकडा अजून शाबूत आहे. तिकडची मोजणी पुढल्या हंगामात व्हावयाची आहे. त्या वेळी वईचा पंचनामा झाडांच्या बरोबरीने व्हावा आणि तोडणीपूर्वी फांद्या मागेल त्याला नेऊ द्याव्यात, असा अर्ज मी ग्रामपंचायतीकडे दिला आहे. त्यावर ज्यांची सही राहिली असेल त्यांनी ती वैशाखापूर्वी करावी, कारण एकदा पाऊस लागला की फांद्या कुजतील आणि लावणीचे एक वर्ष हातचे जाईल.