पोर्टार्लिंग्टनची विकाऊ जागा

डेव्हिड रिकार्डो हें नांव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस नवें नाहीं. परंतु ज्या जागेवरून हा विद्वान ब्रिटिश पार्लमेंटांत बसत असे ती त्यानें कशी मिळविली, ही हकीकत फारशी कोणास ठाऊक नसते. ती जागा आयर्लंडांतील पोर्टार्लिंग्टन या गांवाची.

बॅरो नदीकांठचें हें गांव सतराव्या शतकांत लॉर्ड आर्लिंग्टन यानें वसविलें. धर्मच्छळामुळें फ्रान्समधून परागंदा झालेलीं ह्यूगेनो कुटुंबें 1692 नंतर येथें स्थायिक झालीं, आणि पुढें शंभरांहून अधिक वर्षें येथील एका प्रार्थनामंदिरांत फ्रेंच भाषेंत उपासना चालत असे. एवढें सुसंस्कृत गांव; परंतु प्रतिनिधि निवडण्याचा हक्क गांवकऱ्यांस नव्हता. तो होता नगरमंडळाच्या मूठभर सभासदांस, आणि हे सभासद जमीनदाराच्या मर्जींतले. 1801 सालीं आयरिश पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटांत विलीन झालें, तेव्हां आयर्लंडच्या तीनशें जागांच्या शंभर झाल्या. ज्या गांवांचा हक्क समूळ बुडाला त्यांच्या धन्यांस दर गांवामागें 15,000 पौंड भरपाई देण्यांत आली! मत ही खाजगी मिळकत आहे, असें सरकारनेंच जणूं लिहून दिलें. पोर्टार्लिंग्टनच्या दोन जागांपैकीं एक मात्र शिल्लक राहिली.

गांवाचे धनी अर्ल ऑफ पोर्टार्लिंग्टन हे कर्जांत बुडालेले होते. रिकार्डोनें त्यांच्या इस्टेटीवर 25,000 पौंड कर्ज दिलें, जागेबद्दल 4,000 पौंड निराळे मोजले, आणि 1819 सालीं तो सभासद झाला. मतदार सुमारें डझनभर. आपल्या मतदारांचें तोंड पाहण्याचीही त्यास गरज पडली नाहीं. चमत्कार असा कीं, याच विकत घेतलेल्या जागेवरून त्यानें निवडणूकपद्धतीच्या सुधारणेचा आणि गुप्त मतदानाचा हिरीरीनें पुरस्कार केला. त्यास ढोंगी म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. जागा विकत घेतल्यामुळेंच तो कोणाचा मिंधा नव्हता. परंतु त्याच्या या स्वातंत्र्याची किंमत गांवानें मुकेपणानें दिली, हेंही विसरतां येत नाहीं. (त्याच्या खंडविषयक सिद्धान्ताच्या आधारें प्रिंगल साहेबांनीं पुणें जिल्ह्यांत 1830 च्या सुमारास जी शेतसारा आकारणी केली, ती रयतेस इतकी जाचक झाली कीं थोड्याच वर्षांत ती मोडून, 1836 पासून इंदापूर तालुक्यांत नवी पद्धति सुरू करावी लागली.)

रिकार्डो 1823 सालीं वारला. 1832 च्या सुधारणेनें वर्षास दहा पौंड किंमतीच्या घरांत राहणाऱ्यांस मत मिळालें, आणि त्या वर्षीं प्रख्यात मुत्सद्दी ग्लॅडस्टन यांचे वडील बंधु टॉमस येथून निवडून आले. तथापि मतदारांची यादी आखूडच राहिली. 1835 पासून बारा वर्षें अर्लच्याच डॉसन-डेमर घराण्यांतील गृहस्थ सभासद होते; पुढेंही 1857 पासून आठ वर्षें, आणि पुन्हां 1868 पासून, जागा त्याच घराण्याकडे राहिली.

रिकार्डोस हवें असलेलें गुप्त मतदान अखेर 1872 सालीं कायद्यानें आलें. आतां धन्याचा धाक सुटणार अशी कोणाचीही अपेक्षा व्हावी; परंतु 1874 च्या निवडणुकींत येथून पुन्हां डॉसन-डेमरच निवडून आले. ज्या चिमुकल्या गांवांत प्रत्येक मतदार धन्यास नांवानिशीं ठाऊक, तेथें पेटी बंद असून कितीसा उपयोग? 1880 सालीं त्या घराण्याकडून जागा गेली, आणि पांच वर्षांनीं, 1885 च्या फेरवांटणींत, हा मतदारसंघच रद्द होऊन गांवचे मतदार आसपासच्या परगण्यांच्या मतदारसंघांत गेले.