युद्धकाळातील न्यायालये : मध्य प्रांत व वऱ्हाड, १९३९ ते १९४६

भिलाईजवळच्या चरोद्यात आज एखाद्याला बेकायदा डांबून ठेवले, तर त्याचा वकील बिलासपूरच्या उच्च न्यायालयात अर्ज करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाच दुर्ग जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे आणि असा अर्ज नागपूरला जाई. तेथील उच्च न्यायालय १९३६ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे चिमूरचा मराठी शेतकरी आणि दुर्गचा छत्तीसगढी शेतकरी यांचे उच्च न्यायालय एकच होते.

‘युद्धकाळात कायद्याचे राज्य संपले’ असे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास आढळते. ते अचूक नाही. न्यायालये रोज भरत होती, वकिलांच्या सनदा कायम होत्या. बदलले ते असे की, कोणता खटला कोणासमोर चालावा आणि न्यायाधीशाने सरकारला कोणता प्रश्न विचारावा, हे सरकार ठरवू लागले.

याची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर प्रांताचा कारभार गव्हर्नरकडे गेला. भारत संरक्षण कायदा १९३९ चाच. वटहुकमाला एरवी सहा महिन्यांची मर्यादा असे. १९४० मध्ये ब्रिटिश संसदेने ती युद्धापुरती काढून टाकली. त्यामुळे विधिमंडळात चर्चा न होता केलेला कायदा दीर्घकाळ चालू शकला.

यातला सर्वांत दूरगामी वटहुकूम म्हणजे १९४२ चा दुसरा, विशेष फौजदारी न्यायालयांचा. त्याने विशेष न्यायाधीश, विशेष दंडाधिकारी आणि समरी न्यायालये अशी नेहमीच्या न्यायालयांना समांतर रचना उभी केली. अमुक खटला तिच्यापुढे पाठवायचा, हे शासनाच्या आदेशाने ठरे. साक्षीपुरावा पूर्ण लिहून घेण्याऐवजी त्याचा सारांश नोंदवला तरी चाले. मृत्युदंडासारख्या मोठ्या शिक्षेचे पुनरावलोकन होई, पण ते उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांपैकी सरकारने नेमलेली एक व्यक्ती करी. कलम २६ ने उच्च न्यायालयाचा पुनरीक्षणाचा अधिकारही काढून घेतला. बचावाच्या वकिलाच्या दृष्टीने पाहा : साक्षीदाराच्या उलटतपासणीत त्याने काही मिळवले, तरी ते कागदावर पुरेसे उतरेल याची खात्री नाही आणि वर दाद मागायची वाट अरुंद. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी येथे जे घडले, त्याचे खटले याच व्यवस्थेत उभे राहिले. त्यांतील फाशीच्या शिक्षांचा प्रश्न १९४५ पर्यंत धगधगत होता.

मग वकिलांनी काय केले? पुराव्यावर भांडता येत नसेल, तर कायद्याच्या वैधतेवर भांडायचे. मुंबई प्रांतातील स्थानबद्ध केशव तळपदे यांचे प्रकरण असेच फेडरल कोर्टात गेले. भारत संरक्षण कायदा ज्याच्यावर ‘वाजवी संशय’ आहे अशा माणसाला अडकवण्यासाठी नियम करू देत होता. नियम २६ मध्ये मात्र सरकारचे ‘समाधान’ झाले की पुरे, असे लिहिले होते. संशय वाजवी आहे का, हे न्यायालय तपासू शकते. सरकारचे समाधान झाले का, हे तपासणे फार अवघड. २२ एप्रिल १९४३ रोजी सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने नियम २६ कायद्याच्या मर्यादेबाहेरचा ठरवला. २८ एप्रिलला नवा वटहुकूम निघाला आणि मूळ कायद्याचेच शब्द पूर्वलक्षी प्रभावाने बदलले.

पुढच्या वेळी तर एकच दिवस लागला. बनवारीलाल शर्मा प्रकरणात ४ जून १९४३ रोजी फेडरल कोर्टाने बहुमताने विशेष न्यायालयांच्या वटहुकमातील खटले निवडण्याचा शासनाचा मोकळा अधिकार अमान्य केला. ५ जूनला सरकारने तो वटहुकूम मागे घेतला, पण दिलेल्या शिक्षा कायम ठेवल्या. फरक इतकाच की, त्या नेहमीच्या फौजदारी न्यायालयांनी दिल्या आहेत असे मानून अपिलाची वाट मोकळी झाली. आरोपींच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. १९४४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टाचा निर्णय फिरवला, तेव्हा मूळ वटहुकूम अस्तित्वातच नव्हता!

जानेवारी १९४४ च्या तिसऱ्या वटहुकमाने स्थानबद्धाला कारणे कळवण्याची आणि त्याला निवेदन करू देण्याची तरतूद आणली. त्याच वेळी न्यायालयाची दारे आणखी आवळली. कारणे व निवेदन ही जोडी आज संविधानाच्या अनुच्छेद २२(५) मध्ये भेटते.

आता पुन्हा नागपूर. संरक्षण नियम १२९ प्रमाणे ‘वाजवी संशय’ आल्यास कोणताही पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय अटक करू शके. विमलाबाई देशपांडे यांनी अटकेतील व्यक्तीच्या सुटकेसाठी नागपूर उच्च न्यायालयात अर्ज केला, तो मंजूर झाला आणि सरकार प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. सरकारच्या बाजूला लिव्हरसिज खटल्याचे वजन होते : १९४१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, लॉर्ड ॲटकिन यांचा विरोध डावलून, गृहमंत्र्याला तसे वाटले एवढे पुरे मानले होते. पण १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मंत्री आणि साधा पोलीस अधिकारी यांत भेद केला. संशय वाजवी होता हे अटक करणाऱ्यानेच न्यायालयात दाखवून द्यायचे, असे ठरले आणि नागपूरचा निर्णय टिकला. नियम १२९ खाली कोणालाही दोन महिन्यांहून अधिक काळ ठेवता येत नसे. त्यावरचा हा अंतिम शब्द मात्र युद्ध संपल्यानंतर आला.