जोडाची तार

आईचा तंबोरा मिरजेचा, काळी चारचा. मार्चमधल्या एका दुपारी पंखा बंद केला, रस्त्याकडच्या खिडक्या लावल्या आणि तो दहा मिनिटं रेकॉर्ड करून घेतला. रेकॉर्डर घोडीपासून हातभर अंतरावर ठेवला, म्हणजे खोलीचा घुमारा त्यात कमीत कमी शिरेल. आई छेडत होती, मी श्वास आवरून बसले होते. नवे स्पीकर घ्यायचे होते, आणि ते पारखायला मला असा आवाज हवा होता जो मी लहानपणापासून रोज ऐकत आले आहे.

जुनी जोडी बाबांनी घेतलेली, कमरेइतकी उंच. गेल्या पावसाळ्यात डग्ग्याच्या प्रत्येक थापेबरोबर उजव्या स्पीकरमधून फडफड यायला लागली. जाळी काढली. वूफरच्या कागदी कोनाभोवतीच्या फोमच्या कडेला बोट लावलं तर तिची काळसर भुकटी बोटावर आली आणि उरलेली कड तुकड्या-तुकड्यांनी खाली पडली. फोमचं हे होतंच. ओल आणि उष्णता त्याला आतून खात जाते, मग स्पीकर वाजवा किंवा कापड टाकून झाकून ठेवा. तपकीर गल्लीतल्या एका कारागिराने पूर्वी एकदा नवी कड चिकटवून दिली होती आणि त्यावर ते चांगले आठ-नऊ वर्षं चालले. या खेपेला मात्र डावा ट्वीटरही गेला होता, आणि त्या जातीचा दुसरा कुठे मिळेना. तेव्हा ठरवलं, आता घ्यायची ती जोडी वीस वर्षांच्या हिशोबाने घ्यायची. कड रबराची हवी, सुटे भाग मिळायला हवेत. पण त्याहून मोठा प्रश्न कानाचा होता. वीस वर्षं रोज संध्याकाळी जो आवाज ऐकायचा, तो दुकानातल्या अर्ध्या तासात कसा ओळखायचा?

दुकानात गालिचा होता, पडदे होते, आणि माझा तंबोरा तिथे झगमगला. पहिल्या जोडीवर तो ऐकताना मी अक्षरशः पुढे सरकून बसले. इतका झंकार मी घरी कधी ऐकला नव्हता, आणि तिथेच मला शंका आली. आईच्या तंबोऱ्याची जवारी गोल आहे, ती तिला तशीच आवडते. इथे मात्र कुणीतरी तारेखालचं सूत सरकवून जवारी सताड खुली केल्यासारखी वाटत होती. दुसऱ्या एका जोडीवर उलट झालं. सूत जागेवरून निसटल्यावर तार जशी मुकी होते, तसा आवाज. तेव्हापासून मी स्पीकरचा स्वभाव याच भाषेत मोजते, कारण तंबोरा लावणाऱ्या घरात हा फरक पोरासोरांनाही कळतो.

तंबोरा ही कसोटी इतकी कडक का, याचं कारण घोडीत आहे. तिचा माथा किंचित वक्र असतो आणि थरथरणारी तार त्यावर पुन्हा पुन्हा टेकत, सुटत राहते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. तार जिथे छेडली तिथे जे उपस्वर जन्मूच नयेत, तेही तंबोऱ्यात खणखणीत ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. आईच्या खर्जाची तार सुमारे १०४ हर्ट्झची. तिच्या पाचपटीवर, ५२० च्या आसपास, तो स्वयंभू गंधार निघतो. उपस्वरांची ही शिडी तशीच वर दोन-तीन हजारांच्या पुढे चढत जाते. बहुतेक दोन तोंडांच्या स्पीकरमध्ये नेमकं याच टापूत वूफर आपलं काम ट्वीटरच्या हाती देतो. तो सांधा नीट बसलेला नसेल तर गाण्यात एखादे वेळी लपून जाईल, तंबोऱ्यात लपत नाही. झंकार एका जागेवरून येतो आणि तंबोरा दुसऱ्या जागेवरून. पहिल्या झगमगणाऱ्या जोडीत हेच होत होतं. झंकार तंबोऱ्यापासून सुटून वर तरंगत होता.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, इथे बसून नाही कळायचं. दोन जोड्या घरी न्या, आठवडाभर ऐका, मग बोलू."

दोन्ही आळीपाळीने लावल्या. इथे एक सापळा असतो, तो ओळखायला हवा. ॲम्प्लिफायरची बटणं तशीच ठेवून स्पीकर बदलला की जो जरा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. एका डेसिबलचा फरक कानाला मोठेपणा म्हणून कळत नाही, 'स्वच्छता' म्हणून कळतो. म्हणून दर वेळी एकाच जागी बसून, एकसारखा खरखराट लावून, फोनवर आवाज मोजून दोन्ही बरोबरीला आणत होते. हे कंटाळवाणं काम केलं नसतं तर मी नक्की चुकीची जोडी घेतली असती.

त्यातली एक छोटी, एलएस३/५ए च्या घराण्यातली. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी ही रचना केली. गाडीत जागा नसायची, म्हणून पेटी जेमतेम ३० सेंटिमीटर उंच आणि पूर्ण बंद. त्या मंडळींची स्पीकर पारखण्याची रीत मला फार पटते. माणूस प्रत्यक्ष बोलतो कसा आणि स्पीकरमधून बोलतो कसा, हे ते ताडून बघत. मीही आईला वर्तमानपत्र वाचायला लावून ते रेकॉर्ड केलं होतं. छोट्या पेटीतून ती वाचू लागली तेव्हा शब्दांआधीचा तिचा श्वाससुद्धा तिचाच होता. मी दोन दिवस त्याच जोडीच्या प्रेमात होते. पण बाबांच्या आवडीचे गवई पुरुष. काळी एकच्या त्यांच्या तंबोऱ्यातला खर्ज ६९ हर्ट्झवर बोलतो, आणि तिथे या पेटीचा हात पोचत नव्हता. उपस्वरांवरून कान तो खर्ज मनातल्या मनात भरून काढतो, हे खरं आहे. तरी डग्ग्याला घुमार नव्हता, फक्त थाप होती.

दुसरी जोडी मध्यम, आठ इंची वूफरची, स्टँडवर ठेवायची. तिने पहिल्याच दिवशी निराश केलं. डग्गा नुसता घोंगावत होता, त्याची मींड कळेना. जोडी परत करायच्या विचारात होते. पण मग खोली मोजली. आमची बैठकीची खोली १५ फूट लांब. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर या लांबीत ३८ आणि ७५ हर्ट्झच्या लाटा अडकून राहतात, आणि भिंतीला लागून त्या सर्वांत जोरात ऐकू येतात. आमचा दिवाण अगदी भिंतीला टेकलेला होता, बाबांच्या वेळेपासून. म्हणजे मी डग्गा ऐकतच नव्हते, भिंत ऐकत होते. दिवाण ओढून पावणेचार फूट पुढे घेतला. खोलीच्या पाव लांबीवर ती ७५ ची लाट जवळजवळ नाहीशी होते. पुन्हा लावलं. डग्ग्यावरून घासत गेलेला तळहात ऐकू आला. थाप, मग मनगटाचा दाब, मग स्वर वर चढतो ते वळण. मी तोच तुकडा चार वेळा ऐकला. समोरच्या उघड्या भिंतीवर एक गोधडी टांगली, तेव्हा टाळ्यांचा चरचराटही मऊ झाला. गोधडीने खर्जाला काही होत नाही, ते काम दिवाणानेच केलं.

खरी परीक्षा रात्रीची. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर वृद्ध जोडपं राहतं, त्यामुळे साडेनऊनंतर आवाज बोलण्याइतकाच. अशा वेळी एक वॉटसुद्धा लागत नाही. पण फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं तसं, आवाज उतरला की कान आधी खर्ज विसरतो. छोटी पेटी रात्री आणखी किरकोळ वाटे. मध्यम जोडीत किशोरीताई आमोणकरांचा भूप लहान झाला, पण त्यातलं काही गळालं नाही. तंबोरे गाण्याच्या मागे तसेच पसरून होते. मला ज्यांच्यासोबत वीस वर्षं काढायची ते स्पीकर असे रात्री हळू बोलताना ओळखू आले. मोठ्या आवाजात तर सगळेच शूर असतात.

सातव्या दिवशी सकाळी मी मध्यम जोडीवर पुन्हा आईचा तंबोरा लावला आणि चहा टाकायला उठले. आधीच्या जोड्यांवर आई हे ऐकून "छान येतंय हो" एवढंच म्हणायची. आज ती देवघरातून बाहेर आली आणि डोकं किंचित कलतं करून उभी राहिली.

"अगं, त्या दिवशी दुसरा जोड उतरला होता. तू तेव्हा सांगितलं का नाहीस?"

खरंच उतरला होता, केसभर. मी तो तुकडा इतके दिवस ऐकत होते आणि मला कळलं नव्हतं. तिला पंधरा फुटांवरून कळलं.

त्याच दुपारी दुकानात फोन केला. पैसे देण्याआधी वूफरची कड अंगठ्याने हलकेच दाबून पाहिली, रबराचीच होती. पाठीमागचे स्क्रू उघडून क्रॉसओव्हरची पाटी बघितली, कॅपॅसिटर किती क्षमतेचे आहेत ते वहीत लिहून घेतलं. पंधरा-वीस वर्षांनी ते सुकतील तेव्हा बदलणाऱ्याला सोपं जाईल. उघड्या तांब्याच्या टोकांना पावसाळ्यात हिरवं चढतं, म्हणून तारांना प्लग लावून घेतले.

येत्या रविवारी तंबोरा नव्याने रेकॉर्ड करायचा आहे. आई म्हणते, आधी मला सूत बदलू दे.